निळी पट्टी

सावरटेकच्या आघात केंद्रात रविवारी नातेवाईक धूळ पुसायला येत. धूळ पलंगांची नाही, पलंगावरच्या माणसांच्या अंगावरची. झोपलेला माणूस कूस बदलतो, घोरतो, डास बसला तर हात झटकतो. ही माणसं झोपलेली नव्हती, थांबवलेली होती. न हलणाऱ्या माणसाच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर, ओठांच्या कोपऱ्यात धूळ बसते, हे त्या औषधाच्या शोधाआधी कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आता सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. बायका पंच्याच्या ओल्या टोकाने पुसत, पुरुषमाणसं नुसती फुंकर मारत आणि मग इकडेतिकडे बघत बसत. बोलायचं तरी काय? समोरचा ऐकतच नव्हता.

त्या औषधाचं नाव स्थगनी. लोक त्याला थांबा म्हणत. "त्याला थांबा दिला" म्हटलं की घरच्यांना निम्मं हायसं वाटायचं. निम्मंच का, ते पुढे येईलच.

स्थगनी काय करते ते समजायला फार शिकायला नको. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक बारकी शेगडी. रक्त तिला प्राणवायू पुरवतं आणि ती जळत राहते. अपघातात रक्त वाहून गेलं की शेगड्या उपाशी पडतात, आणि उपाशी शेगडी थोड्या वेळाने कायमची विझते. म्हणून पूर्वी जखमी माणूस तासाभरात ऑपरेशनच्या टेबलावर पोचायलाच हवा असायचा. त्याला सोनेरी तास म्हणत, आणि त्या तासापायी अँब्युलन्सवाल्यांच्या तोंडाला फेस यायचा. स्थगनीने हा तासच काढून टाकला. दंडात सुई टोचली की सगळ्या शेगड्या एकदम इतक्या बारीक होतात की त्यांना प्राणवायू लागतच नाही म्हणा ना. हृदय अधूनमधून एखादा ठोका देतं. रक्ताला ढकलणारं कोणी उरत नाही, म्हणून जखम वाहायची थांबते. असा माणूस आठवडाभर राहील, वर्षभर राहील. त्याची दाढी वाढत नाही आणि वयही वाढत नाही.

मात्र थांबलेल्या माणसावर ऑपरेशन करता येत नाही, कारण टाका घातला तरी मांस धरत नाही. आधी त्याला उठवणीची सुई देऊन जागं करावं लागतं. जागं केलं की जखम जिथे थांबली होती तिथून पुन्हा वाहायला लागते. आणि थांबा आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा दिला तर माणूस उठत नाही.

मुकुंद तारळेकर हे सगळं दर तुकडीला नव्याने सांगत आणि दर तुकडीला थोडे जास्त थकत. पदवी त्यांची भारदस्त होती, आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, पण उभा जन्म लोकांनी त्यांना अँब्युलन्सवालेच म्हटलं. स्ट्रेचर उचलून उचलून कंबर गेली होती. तरी गाडीवरची पाळी सुटली नव्हती, आणि वर नव्या अँब्युलन्सवाल्यांना हे शिकवणं गळ्यात पडलं होतं.

"सर, एवढं दाबत बसण्यापेक्षा थांबा टोचला की झालं ना?" तन्मय राऊत नावाच्या पोराने जांभई दाबत विचारलं. केंद्राच्या आवारातल्या वर्गात दुपारचं ऊन आलं होतं आणि टेबलावर रबरी पुतळा पडला होता. पुतळ्याच्या जखमेतून पंपाने लाल पाणी यायचं. पोरं त्याला बंडोपंत म्हणत.

"आणि डोक्याला मार असला तर? गरोदर बाई असली तर? लहान मूल असलं तर? त्यांना चालत नाही थांबा, माहीत आहे ना? का नुसते बाकं तापवायला आलात?" सरांनी बंडोपंताचा पंप चालू केला. "माणूस बोलतोय का बघा. बोलत असला तर श्वासाची वाट मोकळी आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय. म्हणून त्याला बोलतं ठेवा. नाव विचारा, गाव विचारा, सकाळी काय खाल्लं विचारा. जो ओरडतोय त्याच्याआधी जो गप्प पडलाय त्याच्याकडे जा. मग रक्त. हातापायाला पट्टा आवळता येतो. जांघेत येत नाही, तिथे आवळायला जागाच नाही. तिथे जखमेत कापड ठासायचं आणि अंगाचा भार टाकायचा. हं, या घोलपबाई."

यमुना घोलप उठल्या. वर्गात एकट्या त्याच चाळिशी ओलांडलेल्या. गावात पोळीभाजी केंद्र चालवत. त्यांनी पदर खोचला, बंडोपंताच्या डाव्या जांघेत कापड कोंबलं, कोपरं ताठ केली आणि कणीक तिंबायला वाकतात तशा वाकल्या. लाल पाणी थांबलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! आता छातीच्या जखमेचं दाखवा."

"ते नाही येत मला," बाई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

सरांनी आधी मनावर घेतलं नाही. पण मग लक्षात यायला लागलं. बाई मानेच्या दुखापतीच्या तासाला नुसत्या बसून राहत. भाजल्याच्या तासाला तर आल्याच नाहीत. जांघेचा सराव असला की पहिल्या. तोही डावीकडचाच. एकदा मुद्दाम सरांनी उजवीकडे जखम लावली तर बाईंनी पुतळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डावीकडे करू का, सर?" मग एक दिवस तास संपल्यावर थांबून त्यांनी विचारलं, "दाबता दाबता पलंग ढकलता येतो का हो?"

"एकट्याला नाही येत. का?"

"उगीच आपलं."

त्या रविवारी सर थांबा दिलेल्यांच्या निळ्या वॉर्डात गेले. आपण तिथे का चाललोय हे त्यांना आत शिरेपर्यंत कळलं होतं. खिडकीशेजारच्या पलंगावर विशीचा एक पोरगा थांबलेला होता, ओठ थोडे उघडे, काहीतरी बोलता बोलता राहिल्यासारखे. घोलपबाई त्याच्या भुवया पुसत होत्या. मनगटाला निळी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं : सुदर्शन घोलप, डावी जांघ, मोठी धमनी. उशाशी काचेच्या खोक्यात उठवणीची सुई टांगली होती. आग लागली, माणसं हलवायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून ती प्रत्येक पलंगाला असायची.

"बाई, तुम्हाला नोकरी नाही करायची ना?"

"या वयात कोण देतंय मला नोकरी, सर?" त्यांनी हात थांबवला नाही. "डंपरने उडवलं याला. तीन पावसाळे झाले. जायचं, विचारायचं, आज नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात. चिडून तरी कोणावर चिडू? तेही खोटं बोलत नाहीत, रोज कोणीतरी मरायला टेकलेलं येतंच." मग त्या वळल्या. "तुम्हीच शिकवलंत ना, लाल पट्टीवाला आधी म्हणून? मग हा लाल झाला तर घेतील ना याला?"

उत्तर सरांना येत होतं. ते वॉर्डाबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ते डॉ. अरुंधती केळुसकरांच्या खोलीत गेले. केळुसकरबाई केंद्राच्या प्रमुख. तरुणपणी स्थगनी बनवणाऱ्यांच्या चमूत होत्या आणि आता दिवसातून तीनतीन ऑपरेशनं करून डोळ्यांखाली काळं आलेल्या.

"मॅडम, तो घोलपांचा मुलगा. घ्या ना एकदाचा त्याला. मोठी धमनी शिवायची आहे, तुम्हाला काय अवघड आहे त्यात?"

"काहीच अवघड नाही. कधी घेऊ ते सांगा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तारळेकर, पट्ट्यांचा अर्थ काय?"

"लाल म्हणजे आत्ता हात लावला नाही तर जाईल. पिवळी म्हणजे जरा थांबेल. हिरवी म्हणजे स्वतःच्या पायाने चालतोय. काळी म्हणजे हात जोडायचे."

"म्हणजे नंबर कशावर लागतो? कोणाची तब्येत किती भरभर बिघडतेय, त्यावर. आणि निळ्याची?"

"बिघडत नाही."

"कधीच बिघडत नाही. आज नाही, दहा वर्षांनी नाही. या इमारतीत त्याच्याइतकं स्थिर कोणी नाही, मीसुद्धा नाही. म्हणून दारातून कोणीही आलं, अगदी कोणीही, तरी ते त्याच्या पुढे." त्या कडवट हसल्या. "आम्ही औषध केलं ना, तेव्हा पेढे वाटले होते. वाटलं होतं माणसाला वेळ मिळेल. वेळ मिळाला, पण तो सरकारला मिळाला. दुसरं टेबल मागितलं तर विचारतात, मृत्यू तर कमी झालेत, टेबल कशाला? आणि कागदावर पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे."

"एखादा दिवस निळ्यांसाठी राखून ठेवता येणार नाही?"

"ठेवला होता. त्या दिवशी डोक्याला मार लागलेलं मूल आलं. त्याला थांबा चालत नाही. काय सांगू त्याच्या आईला, आज निळा दिवस आहे म्हणून?"

सर उठले. त्यांना बाईंचा बेत सांगायचा होता. सांगितला असता तर उठवणीच्या खोक्यांना कुलूप लागलं असतं, दारात पहारेकरी बसला असता आणि सुदर्शन घोलप आणखी किती पावसाळे ओठ उघडे टाकून पडला असता देव जाणे. ते दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "येतो मॅडम," आणि गेले.

त्या आठवड्यात तास संपल्यावर त्यांनी घोलपबाईंना थांबवून घेतलं. बंडोपंताला चाकाच्या पलंगावर टाकलं.

"पलंगावर चढायचं. गुडघे असे. पलंग हलला तरी कोपर वाकता कामा नये. ढकलायला कोणीतरी लागेल."

"माझी जाऊ येईल. कोणाला सांगायची नाही ती."

"तो उठेल तेव्हा घाबरेल. त्याला बोलतं ठेवायचं. गप्प झाला तर काय करायचं ते मला विचारू नका." सरांनी घाम पुसला. "आणि नीट ऐका. टेबल मोकळं हवं, सर्जन हात धुऊन उभे हवेत, रक्ताच्या पिशव्या खाली आलेल्या हव्यात. नाहीतर पोरगं दारात हातचं जाईल, आणि पुन्हा थांबा देता येणार नाही."

"असं सगळं तयार कधी असतं?"

"कोणीतरी यायचं असतं तेव्हा," सर म्हणाले. बोलून झाल्यावर वाक्याचा दुसरा अर्थ त्यांच्या डोक्यात चमकून गेला. पण कंबर ठणकत होती, गाडीची पाळी सुरू व्हायची होती, आणि त्यांनी तो विचार बाजूला सारला. थकलेला माणूस असे बरेच विचार बाजूला सारतो.

मग एका मंगळवारी भर दुपारी महामार्गावर एका टेम्पोने स्कूटरला ठोकलं. स्कूटरवर केतकी वाघमोडे, कॉलेजातली मुलगी, आणि मागे तिचे वडील. वडिलांना खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. सर पोचले तेव्हा वडील मोठमोठ्याने ओरडत होते आणि मुलगी गप्प होती. सर मुलीकडे गेले.

"नाव काय बाळ?"

"केतकी."

"सकाळी काय खाल्लंस?"

"उपमा." ती पांढरी पडली होती, अंगाला गार घाम होता, डाव्या बरगड्यांखाली हात लावू देत नव्हती. नाडी पळत होती. प्लीहा, म्हणजे पानथरी, फुटली होती, आणि प्लीहा फुटली की रक्त पोटातल्या पोटात साठतं, बाहेर थेंब दिसत नाही. सरांनी लाल पट्टी बांधली. नियमाने आता थांब्याची सुई काढायची. मुलीने त्यांचा हात धरला.

"काका, थांबा नका देऊ. आमच्या शेजारच्या काकू तिथेच आहेत अजून. मला नका ना देऊ."

"अहो, ती सांगतेय तर नका देऊ," वडील म्हणाले. "टेबल मोकळं आहे का विचारा ना."

सरांनी विचारलं. टेबल मोकळं होतं. "प्लीहा आहे, तयार राहा," त्यांनी फोनवर सांगितलं आणि मुलीला म्हणाले, "नाही देत. शब्द देतो तुला." कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. गाडी पळत होती, हातात जिवंत माणूस होता, पूर्वीसारखी घाई होती. त्यांनी दोन्ही हातांना सलाईन आणि रक्त लावलं, पाय उबदार झाकले, तिला बोलतं ठेवलं. केंद्राच्या दारात पोचेपर्यंत तिची नाडी खाली आली होती आणि ओठांना जरा रंग आला होता. तब्येत बदलली की पट्टी बदलायची, हा सरांचाच शिरस्ता. त्यांनी लाल पट्टी कापली आणि पिवळी बांधली. बांधताना ते हसलेसुद्धा.

"सावरली बरं का," ते वडिलांना म्हणाले.

तेवढ्यात निळ्या वॉर्डाकडून चाकांचा खडखडाट आला.

पलंगावर घोलपबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, कोपरं ताठ, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. मागून त्यांची जाऊ धापा टाकत पलंग ढकलत होती. थिएटरची तयारी चालू झालेली त्या दोघींनी वॉर्डाच्या दारातून पाहिली होती. पोरगा जागा होता. थांबलेला माणूस उठतो तेव्हा अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करतो. सुदर्शन छताकडे बघून म्हणत होता, "...आईला सांगू नका हां. ती घाबरेल. सांगू नका."

"नाही सांगत रे राजा," बाई म्हणत होत्या. "सकाळी काय खाल्लंस? सांग ना, काय खाल्लंस?"

"पोहे," तो म्हणाला. मग मान वळवून त्याने त्या पिकल्या केसांच्या बाईकडे नीट पाहिलं. "मावशी, तुम्ही कोण?"

घोलपबाईंचा चेहरा वेडावाकडा झाला, पण कोपर वाकलं नाही.

डॉ. केळुसकर ऑपरेशन थिएटरच्या दारात हात धुऊन उभ्या होत्या, केतकीसाठी. त्यांनी एका पलंगाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. सुदर्शनच्या मनगटावर लाल पट्टी होती, बाईंनी स्वतः बांधलेली आणि अगदी बरोबर बांधलेली. केतकीच्या मनगटावर पिवळी होती. त्यांनी तारळेकरांकडे एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत राग कमी आणि थकवा जास्त होता.

"लाल आत घ्या," त्या म्हणाल्या. "मुलगी फार वेळ टिकणार नाही. थांबा द्या तिला."

दार बंद झालं. बाहेर केतकीचे वडील, वाघमोडे, म्हणाले, "म्हणजे? ती आधी आली ना? तिच्यासाठीच तयारी होती ना?"

केतकीचा हात अजून सरांच्या हातात होता. नाडी पुन्हा पळायला लागली होती. दुसरं जवळचं केंद्र घाटापलीकडे, तिथवर ती टिकली नसती. सरांनी सुई काढली. ती बघत होती.

"काका, तुम्ही म्हणालात ना..."

"थोडाच वेळ," सर म्हणाले. "थोडाच वेळ, बाळ." तिच्या वाक्याचा पुढचा भाग तिच्या तोंडातच राहिला. मग त्यांनी पिवळी पट्टी कापली आणि निळी बांधली.

सुदर्शन वाचला. थोडा लंगडतो, पण आता पोळीभाजी केंद्राचे डबे तोच पोचवतो. आईची त्याला अजून सवय व्हायची आहे. एका दुपारीत तिचे केस पिकले, असं तो गमतीने म्हणतो. घोलपबाई सरांना रोज डबा पाठवतात. त्या दिवशी दाराबाहेर दुसरं कोण होतं हे त्यांनी कधी विचारलं नाही. सरांनीही सांगितलं नाही. केतकीचा नंबर त्या दिवशी संध्याकाळी लागायचा होता. संध्याकाळी एक गरोदर बाई आली. दुसऱ्या दिवशी शाळेची बस उलटली. त्यानंतर केतकी अगदी स्थिर आहे.

उठवणीच्या खोक्यांना कुलपं लागली. जिल्ह्यात चाव्या करणारे काही कमी नाहीत.

पुढची तुकडी भरायची वेळ आली तेव्हा तारळेकरांना वाटलं होतं, नेहमीसारखी दहाबारा पोरं येतील. वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, एक निवृत्त मास्तर, नवीन लग्न झालेली एक मुलगी. जांभई देणारं कोणीच नव्हतं. सगळ्यांचे हात मांडीवर, नजर बंडोपंतावर.

"जखमी अनेक असले तर आधी कोणाकडे जायचं?" सरांनी सवयीने विचारलं.

"लाल," सगळा वर्ग एकदम म्हणाला.

पहिल्या बाकावरच्या माणसाने हात वर केला. वाघमोडे होते ते. बारीक झाले होते.

"सर, प्लीहा फुटली असेल तर बाहेरून दाबून काही होतं का?"

सरांनी पंप बंद केला. खोटं सांगावंसं फार वाटलं.

"नाही," ते म्हणाले. "पोटातलं रक्त बाहेरून दाबून थांबत नाही. तिथे हाताचं काही चालत नाही."

वाघमोडेंनी मान हलवली. हे उत्तर त्यांना अपेक्षित होतं.

"मग थिएटरच्या दारापासून किती लांब असताना उठवली तर चालेल?"

मागच्या बाकांवरची माणसं पुढे झुकली. सगळ्यांनाच ते ऐकायचं होतं. बाहेर आवारात एक अँब्युलन्स येऊन थांबली, आतून काढलेलं स्ट्रेचर घाईने आत गेलं, आणि ते कोणाचं होतं याकडे वर्गातल्या एकानेही मान वळवून पाहिलं नाही. त्यांनी फक्त, आता टेबल तयार होईल, एवढंच ओळखलं. तीनचार जण निळ्या वॉर्डाकडे जायला बाकावरून उठायला लागले.